चार वाजून बारा मिनिटांची नोंद

ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास अकोटमधील एका जिनिंगला आग लागली. तीन बायका मेल्या. त्याच दिवशी चार वाजून बारा मिनिटांनी मी अमरावतीत, आमच्या दैनिकाच्या पाचव्या पानावर, तिसऱ्या बाईचे नाव बदलले आणि पान सेव्ह केले. बुधवारी सकाळी छापून आलेल्या अंकात जुनेच नाव होते.

कपाशी फुटू लागली की हा मंगळवार परत येतो. परवा अकोटच्या एसटीत बसले होते. अंजनगाव मागे पडले, उजव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ लागली आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके दिसायला लागले. पोटे फुगवून चाललेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना त्या फांद्या घासतात आणि वर्षाचा पहिला कापूस शेतकऱ्याच्या आधी बाभळीला मिळतो. शेजारच्या सीटवरची बाई खिडकीची काच लावून घेत म्हणाली, "कापसाची भुकटी नाकात जाते, बाई." ही भुकटी माझ्या नाकात अठरा-वीस वर्षांपासून आहे. दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात तिला एक करपट वास येतो. इतरांना येतो की नाही, हे मी कधी विचारले नाही.

ती भारनियमनाची वर्षे होती. शहरात रोज काही तास वीज नसे, खेड्यात काही तासच असे. वेळापत्रक आम्हीच छापत होतो आणि ते पाळले जात नाही, हेही आम्हीच छापत होतो. वऱ्हाडात त्या काळात दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या. मोठे कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. ते पत्रकार आमच्या कार्यालयात येऊन विचारायचे की शेतकऱ्याची आत्महत्या नुकतीच कुठे झाली आणि तिथे जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल का. शेतकरी मेला तर बातमी पहिल्या पानावर घ्यायची, असे आमच्याकडेही ठरून गेले होते. त्याच शेतकऱ्याच्या कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या बाया मेल्या, तर ते जिल्ह्याचे पान. पान पाच. ते मी लावत होते.

कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून निर्मलाकाकूंचे घर होते. माळ्याचे कुटुंब. अंगणात झेंडू, भिंतीकडेला मेथीचे आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे वाफे, पहाटे जुड्या बांधून बाजारात. त्या भिंतीवरूनच विजेच्या दोन फीडरची हद्द गेली होती. आमची लाइन गेली की त्यांची असायची, त्यांची गेली की आमची. मग अमरावतीत त्या वर्षांत घरोघर होते तसे आमच्यातही झाले. भिंतीवरून एक काळी वायर आली. त्यांचा दिवा आमच्या विजेवर, आमचे संगणकाचे एक मशीन त्यांच्या विजेवर. कुणी कुणाला विचारले नव्हते, लिहून घेतले नव्हते. लाइन गेली की काकू आपणहून ओसरीतले बटण दाबायच्या आणि भिंतीपलीकडून ओरडायच्या, "दिली बरं का!"

त्या वायरवर माझे मशीन चालायचे. त्याला सगळे मशीन दोन म्हणत.

मशीन तीन होती आणि डिस्क एकच. ही व्यवस्था शब्बीरभाऊंनी बसवली होती. ते आमच्या संगणक विभागाचे प्रमुख होते आणि विभागात ते एकटेच होते. घर अकोटचे. वडील पिंजारी, गाद्या-रजया भरणारे. शब्बीरभाऊ अमरावतीत इंजिनिअर झाले आणि इथेच राहिले. व्यवस्थापनाने नवे यंत्र घ्यायला नकार दिल्यावर त्यांनी तीन जुनी मशीन आणि एक सामाईक डिस्क जोडून, कुणालाही फुकट वापरता येईल अशी फाइल व्यवस्था त्यावर चढवली. तीनही मशीन एकाच डिस्कवर लिहीत. मशीन एकवर फोटो यायचे, दोनवर मी पाने लावायचे, मशीन तीन सगळी पाने गोळा करून अकोल्याच्या छापखान्याकडे पाठवायचे.

"तीन भावायचं एकच वावर समजा, ताई," त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितले होते. "आपलं काम सुरू कराच्या आंधी जो तो आपल्या वहीत लिहून ठेवते, मी आता नांगराच्या अमुक तासात अमुक पेरतो. ते जर्नल. मधातच एखादा पडला, तं बाकीचे त्याची वही वाचतेत अन् त्याचं अर्धं काम पुरं करतेत. वावर अर्धवट राहत नाई."

"आणि भाऊ मेलाच नसेल तर?"

ते हसले होते. "मेला का नाई ते आंधी पाहा लागते. त्याच्यासाठी एक स्विच येते. शंका आली का जित्ते भाऊ त्याची लाइनच तोडतेत. मागितला मी तो. साहेब म्हणे, दिवाळीनंतर पाहू."

मंगळवारी सव्वादोनला अकोटहून गजूभाऊंचा पहिला फोन आला. गजूभाऊ आमचे अकोटचे वार्ताहर. त्यांना बातमीचे मानधन नावापुरते होते आणि पोट जाहिरातींवर चालायचे. सणासुदीला शुभेच्छांच्या जाहिराती आणायच्या, त्यातला हिस्सा घ्यायचा. तालुक्याचा वार्ताहर असाच जगतो. त्यांनी ठेकेदाराच्या हजेरीपटावरून तीन नावे सांगितली. तिसरे नाव सुमन तायडे. मी ती कागदावर उतरवली, वाचून दाखवली, बातमी लावली आणि कागद मेजावरच्या उभ्या खिळ्याला टोचला. फोनवर आलेले प्रत्येक नाव आधी कागदावर आणि काम झाले की कागद खिळ्याला, हा आमच्या मेजाचा नियम होता. माझ्या आधी तीस वर्षे लोक तो पाळत आले होते.

चारला पाच मिनिटे कमी असताना गजूभाऊंचा दुसरा फोन आला.

"ताई, ते तिसरं नाव बदला. सुमनबाई जित्ती हाय."

"मग गेली कोण?"

"तिची जाऊ. देवका. सुमनले ताप हाय तीन दिवसापासून. तिच्या जागी बदलीवर गेली व्हती. सरकी काढाच्या रेच्यावर उभी व्हती बिचारी, कापूस लोटून राहिली व्हती."

"कोण सांगतंय हे?"

"ठेकेदार सांगून राहिला ना! माह्या पुढंच उभा हाय, रडून राहिला. म्हणे, सुमनच्या नावावर देवकाले मीच उभं केलं."

"त्यांना फोन द्या."

"पोलिसायनं बलावलं त्याले... थांबा, येते तो, मंग देतो."

ठेकेदार फोनवर आला नाही.

बदलीची रीत जिनिंगच्या दारात उभे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हजेरीपटावर जागा मिळायला दोन-दोन हंगाम जातात. एकदा मिळाली की ती रिकामी ठेवायची नसते. ताप आला, बाळंतपण आले, तर घरातली दुसरी बाई त्याच नावावर उभी राहते. हजेरी घेणारा नाव पुकारतो, बदलीवर आलेली "हाय" म्हणते. ठेकेदाराला हात मोजायचे असतात, चेहरे नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी आमची लाइन गेली. पंखा थांबला. भिंतीपलीकडून आवाज आला, "दिली बरं का!" बटण दाबेपर्यंतचा दम माझ्या मशीनच्या थकलेल्या बॅटरीत होता, पुढे ते काकूंच्या विजेवर चालू राहिले. एक, तीन आणि डिस्क मोठ्या बॅटरीवर होती. मी घाईत होते, कारण काकूंच्या विजेचाही भरवसा नसे. कागद घेतला नाही. गजूभाऊंचे बोलणे कानात होते, ते थेट पडद्यावर उतरवले. "सुमन तायडे यांच्या जागी बदलीवर कामास आलेल्या त्यांच्या जाऊ देवका तायडे यांचा मृत्यू झाल्याचे ठेकेदाराने सदर प्रतिनिधीस सांगितले." चार वाजून बारा मिनिटांनी सेव्ह केले. पडद्यावर देवकाचे नाव दिसत होते. प्रूफ काढता आले नाही, प्रिंटर बंद होता. चार सोळाला लाइन आली. माझे मशीन गोठले आणि आपोआप पुन्हा सुरू झाले. ते असे अधूनमधून करायचे. मी पान पुन्हा उघडून पाहिले नाही.

पाचला मशीन तीनने पान उचलले. सहाला ते अकोल्याला गेले.

बुधवारी सकाळी सुमनच्या भावाने बार्शीटाकळीच्या स्टँडवर पेपर वाचला आणि पहिल्या गाडीने अकोट गाठले. येताना हिरवी साडी आणली होती. सवाष्ण बाई गेली तर शेवटची साडी माहेरची लागते. तो वस्तीत पोचला तेव्हा सुमन दारात अंगाला चादर गुंडाळून बसलेली होती. तिने त्याला पाहिले आणि त्याच्या हातातली साडी पाहिली. हे तिथे असलेल्यांनी मला सांगितले. देवकाचे माहेर लांब, कौंडण्यपुराजवळ, वर्धा नदीच्या काठी. मंगळवारी संध्याकाळी तिथे माणसाहाती निरोप पोचला होता. बुधवारी सकाळी देवकाच्या भावाने पेपर पाहिला. त्यात नाव सुमनचे होते. निरोप आणणाऱ्याने ऐकण्यात घोळ केला, असे त्याला वाटले. पेपर खोटे सांगणार नाही, असे तो घरच्यांना म्हणाला आणि कामाला गेला. दुपारी चारला, सुमनच्या माहेरची साडी नेसवून, देवकाला अग्नी दिला. तिचा भाऊ गुरुवारी आला.

बुधवारी संध्याकाळपर्यंत ठेकेदार बदलला होता. देवका नावाची बाई आपण ओळखत नाही, हजेरीपटावर ती नाही, जिनिंगच्या मागच्या कुंपणातून बाहेरच्या बाया सांडलेला कापूस उचलायला येतात त्यातली ती असावी, असे त्याने पोलिसांना सांगितले. गुरुवारी आमची चूकभूल छापून आली. सातवे पान, चार ओळी. जिनिंगच्या मालकाच्या माणसाने पेपरचे दोन्ही दिवसांचे अंक शेजारी-शेजारी ठेवले आणि सगळ्यांना दाखवले. म्हणे, पहिल्या दिवशी यांनीच सुमन छापली, दुसऱ्या दिवशी यांना देवका सुचली.

आगीची सरकारी चौकशी बसली आणि आता एकच गोष्ट महत्त्वाची होती. ठेकेदाराने नाकारण्याच्या आधी, आगीच्या दिवशीच, त्याचे बोलणे आमच्या पानात लिहिले गेले होते, हे दाखवता आले असते तर देवका जिनिंगमधली कामगार ठरली असती. नाहीतर चोर.

गजूभाऊंना मी फोन केला. "तुमच्या वहीत असेल ना ठेकेदाराचं बोलणं?"

"वही..." मागे कुणाची तरी मोटारसायकल चालू होती. "ताई, वही त्या धावपळीत कुठी पडली का काय झालं, सापडूनच नाई राहिली."

"तुम्ही तोंडी सांगा चौकशीत."

"ताई, तुमी अमरावतीत राहता. मले या गावात जाहिराती मांगा लागतेत."

त्या दिवाळीत जिनिंगची शुभेच्छांची जाहिरात अर्ध्या पानाची होती. अकोट वार्ताहरामार्फत आलेली.

व्यवस्थापकांनी शब्बीरभाऊंना बोलावून एकच प्रश्न विचारला, चूक मशीनची की माणसाची, आणि लेखी मागितले. शब्बीरभाऊंनी आठ दिवसांनी दीड पान लिहून दिले. ते दीड पान मी वाचले आहे. मशीन एकमेकांशी ज्या डबीतून बोलतात, तिचा प्लग त्या दिवशी बॅटरीच्या पट्टीवर नव्हता. तिथे कुणीतरी टेबलफॅन लावला होता. कुणी, ते अहवालात नाही. लाइन गेली तेव्हा डबी बंद पडली. अकरा मिनिटे मशीन एक आणि तीनला मशीन दोनचा आवाज आला नाही. लाइन गेली, आवाज गेला, म्हणजे मशीन मेले, असे त्यांनी धरले. त्यांनी त्याची वही काढली, अर्धवट कामे पुरी केली, त्याच्या ताब्यातली जागा मोकळी केली. मशीन दोन मात्र काकूंच्या वायरवर जिवंत होते आणि लिहीत होते. चार सोळाला ते परत सुरू झाले आणि त्याने स्वतःची जुनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचून डिस्कवर उतरवली. त्यात पानाची चार वाजण्याच्या आधीची जागा लिहिलेली होती, तीच पुन्हा खरी ठरली. नव्यावर जुने बसले.

"दोघायनंही पेरलं, ताई," शब्बीरभाऊ म्हणाले. "एकाच तासात."

जगातल्या कुठल्या कार्यालयात मशीनची वीज गेली आणि मशीन शेजारणीच्या विजेवर चालू राहिले, असे होत असेल, हे ती व्यवस्था लिहिणाऱ्यांनी धरले नव्हते. पण परत आलेल्या मशीनने आपली वही शिळी आहे का, एवढे तपासायला हवे होते. ते तपासले जात नव्हते. ती चूक आमची नव्हती, प्रोग्रामच्या मूळ लिखाणातली होती. लिखाण सगळ्यांना वाचायला खुले होते. शब्बीरभाऊ वाचायला बसले.

नोव्हेंबरचा महिना मला त्या वाचण्याच्या आवाजाने आठवतो, म्हणजे पंखा नसलेल्या खोलीतल्या शांततेने. काच उघडी, बाहेर झेंडूचा उग्र वास, आत बॅटऱ्यांचा आंबट. दुरुस्ती करायची तर तीच चूक पुन्हा-पुन्हा घडवून पाहावी लागते. त्यासाठी वीज जायला हवी आणि शेजारची यायला हवी. असे प्रयोगाचे साधन परदेशातल्या कंपन्यांकडे नसते. आमच्याकडे रोज होते. शब्बीरभाऊंनी भारनियमनाचे वेळापत्रक भिंतीला चिकटवले आणि काकूंना कामाला लावले.

"काकू, बंद करा!"

"केलं!"

"आता द्या!"

"दिली! काहून रे शब्बीर, सकाळपासून दहा खेपा मले उठबस करून राहिला. मेथी कोण निवडन, तुहा साहेब?"

"मी निवडतो ना काकू, आणा इकडं."

"तू निवडशीन तं गिऱ्हाईक काड्याच खाईन. अन् मले एक सांग, तुह्या मशीनले आमची लाइन काहून सोसत नाई? आमचा बल्ब तं जयते तुमच्या लाइनीवर. त्यानं कधी कोन्या माणसाचं नाव नाई बदललं."

शब्बीरभाऊंनी भिंतीवरून मेथीची जुडी घेतली. निवडून परत दिली. काकूंनी ती पुन्हा निवडली.

दुरुस्ती अकरा ओळींची झाली. वहीवर एक क्रमांक टाकायचा. कुणी ती वही एकदा वाचून पुरी केली की क्रमांक एकाने वाढवायचा. मशीन परत आले आणि त्याच्याजवळचा क्रमांक लहान असला, तर त्याने गप्प बसायचे, काही लिहायचे नाही. त्यांनी ती ज्यांचे लिखाण होते त्यांच्याकडे पाठवली. दूर देशातल्या एका माणसाने विचारले की अशी स्थिती प्रत्यक्षात कशी निर्माण होते. शब्बीरभाऊंनी काकूंच्या वायरीबद्दल लिहिले. त्या माणसाला वाटले ही थट्टा आहे. मग त्यांनी वायरीचा फोटो पाठवला. तीन आठवड्यांनी दुरुस्ती स्वीकारली गेली.

त्याच काळात ते दुसरेही एक काम करत होते, ते व्यवस्थापकांना सांगितलेले नव्हते. चार वाजून बारा मिनिटांनी मी लिहिलेले वाक्य ते डिस्कवर शोधत होते. मराठी तेव्हा संगणकात मराठी म्हणून राहत नसे. आमच्या फाँटमध्ये देवका हे नाव आत इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या कडबोळ्यासारखे दिसायचे. ते कडबोळे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला लावले होते. डिस्कचा प्रत्येक तुकडा त्यासाठी तपासला. आधी वापरातला, मग मोकळा. मी रोज विचारत होते. ते रोज मान हलवत होते.

एका दुपारी त्यांनी मला बोलावले. मशीन दोनच्या वहीतली, पुन्हा वाचताना सुटून गेलेली एक नोंद सापडली होती. मशीन दोन, पान पाच, चार वाजून बारा मिनिटे, लिहिले.

"आणि मजकूर?"

"वहीत मजकूर नसते ताई. कुठी लिहिलं, किती लिहिलं, कवा लिहिलं, एवढंच असते. काय लिहिलं ते डिस्कवर. हे पाहा, इथं होता."

"इथं आता काय आहे?"

त्यांनी ती जागा उघडून दाखवली. एका साडीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात होती. एक आणि तीन या मशीननी जागा मोकळी समजून त्याच संध्याकाळी तिच्यावर टाकलेली. माझे वाक्य चार मिनिटे पानात होते, संध्याकाळपर्यंत डिस्कवर.

आम्ही ती नोंद छापून घेऊन अकोल्याला चौकशीला गेलो. अधिकारी सभ्य होते. चहा मागवला. कागद उलटसुलट पाहिला.

"यात बाईचं नाव कुठे आहे?"

"नाव नाही साहेब," शब्बीरभाऊ म्हणाले. "पान बदलल्याची वेळ आहे."

"म्हणजे त्या वेळी काहीतरी लिहिलं गेलं."

"हो."

"काहीही असू शकतं. एखादी वेलांटी किंवा उकार दुरुस्त केलेला असू शकतो."

"मी टाइप केलं," मी म्हणाले. "ठेकेदाराचं नाव घेऊन."

"ठेकेदार तुमच्याशी बोलले?"

"आमच्या वार्ताहराशी."

"वार्ताहर कुठे आहेत? त्यांची वही? तुमच्याकडचा कागद?"

कागद नव्हता. दोन हजार दिवस मी प्रत्येक नाव कागदावर घेतले असेल. हे घेतले नव्हते. चहा पिऊन आम्ही निघालो. जिन्यात शब्बीरभाऊ म्हणाले, "ताई, एक माणूस हाय. तिनं सांगतलं तं मंग वेळेचं कामच नाई." अकोल्याहून आम्ही सरळ अकोटची गाडी धरली.

सुमन ओट्यावर तूर पाखडत होती. ताप उतरून महिना झाला होता. आम्ही कोण, हे सांगितल्यावर तिने सूप खाली ठेवले नाही.

"तुमीच काय मले मारलं पेपरात?"

"हो."

"माह्या कपाळाले मळवट भराले निघाली व्हती शेजारीण. सासू म्हणे, थांब, श्वास चालू हाय तिचा." ती हसली. बाजूला बसलेली म्हातारी हसली नाही. ती दोघींची सासू होती.

"सुमनबाई," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही घरी होता, देवका तुमच्या जागी गेली होती, एवढं तुम्ही सांगितलं तर ती चोरी करायला गेली नव्हती हे ठरेल."

"अन् मी घरी व्हती असं सांगतलं, तं मंग मंगळवारी माह्या नावाची हजेरी कोनं देल्ली? खोटी हजेरी म्हणून माहं नाव काटतीन. दुसरा हंगाम लागन मले उभं रायले. देवकाचे दोन पोट्टे आता माह्याच चुलीवर जेवून राहिले, ताई. माहे तीन. नाव कटलं तं पाचायनं काय खाव?"

"पण ती तुमच्यासाठी गेली होती," शब्बीरभाऊ म्हणाले.

सूप थांबले.

"शब्बीरभाऊ, तुमच्या बापानं माह्या लग्नातली गादी भरून देल्ली. तुमाले मी का सांगू? मले माईत नाई काय, ती कोनासाठी गेली? मीच म्हनलं तिले, तीन दिवस जाय. मीच." मग माझ्याकडे पाहून, "मी जित्ती हाय हे तं खरं हाय ना, बाई? मंग तेवढंच लिवा."

म्हातारी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "देवकाले गुळाचा चहा लागे," ती म्हणाली. "सुमनले साखरेचा." आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

परत येताना स्टँडवर सोयाबीनच्या कुटाराची, भुशाची धूळ उडत होती. गाडी यायला तास होता. शब्बीरभाऊ खिशातली चिठ्ठी काढून पाहत बसले, ती कडबोळ्याची. मग ती पुन्हा खिशात ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाने नवे यंत्र घेतले, बाहेरच्या कंपनीला काम दिले आणि संगणक विभाग बंद केला. शब्बीरभाऊ हैदराबादला गेले. तो स्विच, जो दिवाळीनंतर घ्यायचा होता, नव्या यंत्रासोबत फुकट आला.

ते कार्यालय आता तिथे नाही. परवा अकोटहून परतल्यावर मी मुद्दाम मागच्या गल्लीत गेले. निर्मलाकाकू नाहीत. झेंडू आहे. भिंतीवर काळ्या वायरीचा हातभर तुकडा लोंबतो, टोकाला तांब्याचे केस हिरवे पडलेले. शहरात आता वीज सहसा जात नाही. काकूंच्या सुनेने मला ओळखले नाही. "कोनाले पाहता?" तिने विचारले. मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

शब्बीरभाऊंशी फोनवर बोलणे होते. त्यांच्या अकरा ओळी त्या व्यवस्थेत अजून आहेत. जिथे जिथे ती चालते, तिथे बंद पडून परत सुरू होणारे प्रत्येक मशीन आधी आपला क्रमांक पाहते आणि शिळे असेल तर गप्प बसते. ओळींच्या वर त्यांनी एका वाक्यात कारण लिहिले आहे, इंग्रजीत. मेलेले समजलेले मशीन शेजाऱ्याच्या विजेवर जिवंत असू शकते. मी एकदा त्यांना विचारले, तिथे देवकाचे नाव का नाही लिहिले. ते म्हणाले, "लिहिलं व्हतं ताई. त्या लोकायनं काढून टाकलं. म्हणे, कामाशी संबंध नाई."

चौकशीचा अहवाल दीड वर्षाने आला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यानुसार आगीत जिनिंगच्या दोन महिला कामगार आणि आवारात विनापरवाना आलेली बाहेरची एक महिला मरण पावली. सुमन तायडे यांचा जबाब अहवालाला जोडलेला आहे. आग लागली तेव्हा आपण कामावर होतो आणि मागच्या फाटकातून सुखरूप बाहेर पडलो, असे त्यात आहे. खाली अंगठा आहे. सोबत त्या मंगळवारच्या हजेरीपटाची नक्कल आहे. सुमन तायडे या नावापुढे सकाळी आठची हजेरी लागलेली आहे. बाहेर पडलेल्या बाकी बायांपुढे सुटल्याची वेळ आहे, या नावापुढच्या त्या रकान्यात काही नाही.